दारातला चेहरा : सांगलीतल्या एका ट्रंकेचं प्रकरण

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. माजघरातल्या पलंगाखाली एक हिरवी पत्र्याची ट्रंक असायची आणि घरातले सगळे फोटो तिच्यात असायचे. अगदी वर रंगीत अल्बम, त्याखाली पाकिटं, तळाला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठे फोटो. भिंतीवरचे फ्रेममधले धरून २०१७ च्या दिवाळीत आम्ही मोजले तेव्हा ते ६४० भरले. त्यांतले २३१ त्या दिवाळीत स्कॅन झाले. उरलेले ४०९ ‘पुढच्या सुट्टीत’ करायचे ठरले. पुढच्या सुट्टीच्या आधी पूर आला.

‘जुने फोटो डिजिटल करून ठेवा’ असं सगळेच सांगतात. कोणते आधी, कसे, आणि चुकलं तर नेमकं काय जातं हे फारसं कुणी सांगत नाही. आमच्याकडे जे चुकलं आणि जे वाचलं ते दोन्ही मोजता आलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

दिवाळीतले आठ दिवस

स्कॅनर मी पुण्याहून नेला होता, साधा घरगुती, सपाट काचेचा. कामाची वाटणी ठरलेली होती. मी काच पुसायची, फोटो ठेवायचा, बटण दाबायचं. आत्या शेजारी पाटावर बसून पुढचा फोटो हातात घ्यायची. आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी वर्ष, मग गाव, मग माणसं. माझा फोन मी रेकॉर्डिंग लावून काचेजवळ ठेवून दिला होता. फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक लिहायचा, तो आत्याने मोठ्याने वाचायचा आणि मग बोलायचं, एवढी एकच शिस्त आम्ही पाळली. अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं. ते करताना ही जोडीला केलेली गंमत वाटत होती. आज मला विचाराल तर त्या आठ दिवसांत झालेलं सर्वांत मोलाचं काम तेच होतं.

पहिल्या तीन दिवसांत मी एक मोठी चूक केली. स्कॅनरवर जे ठरून आलेलं होतं तेच ठेवलं : ३०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) आणि जेपेग (फोटो आकसून साठवणारी फाइल). पडद्यावर फोटो छान दिसत होते. चौथ्या दिवशी काकांच्या जुन्या अ‍ॅग्फा क्लिक कॅमेऱ्यातले चौकोनी फोटो हातात आले. हे फोटो निगेटिव्हच्याच आकाराचे, जेमतेम सव्वादोन इंचांचे. असा फोटो ३०० डीपीआयला घेतला की प्रत्येक बाजूला सातशेच्या आसपास ठिपके मिळतात. त्यात पाचजण उभे असतील तर एकेका चेहऱ्याच्या वाट्याला किती येणार? मोठं करून बघितलं तर नाकडोळ्यांऐवजी चौकटी. त्या दिवसापासून पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० ला, लहान फोटो १२०० ला, आणि फाइल टिफ (मोठी, पण फोटो न आकसणारी), असं सुरू केलं. आधी केलेले परत करायला हवे होते. ‘ते नंतर’ म्हटलं. ते नंतर कधीच झालं नाही.

जागेची काळजी मला उगाच वाटत होती. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला घेतला तर टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. असे ६४० फोटो मिळून १७ जीबीच्या आत बसतात, म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हवर. तीन दिवस मी ज्या जागेची बचत केली तिची किंमत काहीच नव्हती.

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली. आधी काय करायचं? सगळे म्हणाले, अर्थातच सर्वांत जुने, कृष्णधवल, पणजोबांच्या काळातले. रंगीत तर कालचेच आहेत, त्यांना काय होतंय. वयाच्या क्रमाने लावलेली ती रांग शहाणपणाची वाटली. प्रत्यक्षात नाजूकपणाचा क्रम बरोबर उलटा होता. जुना कृष्णधवल फोटो म्हणजे जाड कागदावर जिलेटिनच्या थरात धरलेली चांदी. तो पिवळा पडतो, कडेला आरशासारखा चकाकतो, पण सहसा टिकतो. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोत मात्र चांदी नसतेच, तीन रंगद्रव्यांचे तीन थर असतात. त्यांतलं निळसर द्रव्य अंधारात, बंद अल्बममध्ये ठेवूनसुद्धा उडत जातं, म्हणून त्या काळातले लग्नाचे फोटो आज लालभडक दिसतात. त्यात आमचे सगळे रंगीत फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये होते, वर प्लास्टिकचा कागद ओढायचा त्या. तो डिंक आणि ते प्लास्टिक फोटोला वर्षानुवर्षं खात राहतं. आधी वाचवायला हवे होते ते हेच, आणि आम्ही त्यांना ‘नवे’ समजून ट्रंकेत परत ठेवले.

फोटो क्रमांक १४२

पाचव्या दिवशी काकांच्या मुंजीचा फोटो आला. साल १९५२, मे महिना. मिरजेहून फोटोग्राफर बोलावला होता. पुठ्ठ्यावर खाली त्याचा शिक्का आहे. वाड्याच्या चौकात तीसेक माणसं, पुढे मुंडावळ्या बांधलेले आठ वर्षांचे काका, मागे माजघराचं दार. फोटो फुल प्लेट, म्हणजे काचेच्या मोठ्या निगेटिव्हवरून थेट तेवढाच छापलेला. अशा फोटोत डोळ्याला दिसतं त्याहून बरंच जास्त दडलेलं असतं, हे मला ऐकून माहीत होतं. म्हणून उगाच बघावं म्हणून तो १२०० ला घेतला.

लॅपटॉपवर मोठा करत करत मी दारापाशी आले. दार अर्धं उघडं होतं. आतल्या काळोखात, चौकटीला टेकून, एक चेहरा होता. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कपाळ मोकळं, एक हात चौकटीवर. मूळ फोटोत ही जागा जोंधळ्याच्या दाण्याएवढी. घरात तो फोटो पासष्ट वर्षं भिंतीवर होता आणि तिथे कुणी आहे असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

आत्याने चष्मा पुसला आणि पडद्याजवळ आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, ही मोठी आजी.”

मोठी आजी म्हणजे आजोबांची चुलती. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली, आयुष्यभर लाल आलवणात. घरातला स्वयंपाक, लोणची, बाळंतिणींचं सगळं तिच्याकडे. मुंजीच्या फोटोत ती नव्हती, कारण मंगलकार्याच्या फोटोत तिने समोर यायचं नाही ही रीत. “आईनं हाक मारली होती,” आत्या सांगत होती, “पण ती म्हणाली, बटूचा फोटो आहे, माझी सावली नको. मला वाटलं आत स्वयंपाकघरात गेली. ती इथं उभी होती होय!”

मोठी आजी १९५५ साली गेली. तिचा दुसरा एकही फोटो नाही. आत्याने त्या दिवशी तिचं माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं सांगितली. तोवर मला ती माहीतच नव्हती. ती नावं घरच्या फाइलीत आहेत, इथे लिहीत नाही. चाळीस सेकंदांचं ते बोलणं आणि ती एक फाइल, एवढाच त्या बाईचा या जगातला पुरावा आहे.

पाणी

सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि आमच्या उंबऱ्याला लागून थांबलं होतं. तेव्हापासून ती खूण म्हणजे घरात शेवटचा शब्द. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा काकांनी तोच हिशेब केला. ट्रंक पलंगाखालून काढून पलंगावर ठेवली, वर गाद्या टाकल्या, औषधं आणि कागदपत्रं पिशवीत घेतली आणि तिघं सांगलीतच विश्रामबाग भागात काकूच्या बहिणीकडे गेले. त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. सत्तरी ओलांडलेली तीन माणसं भरलेली ट्रंक माळ्यावर कशी चढवणार होती? पण त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या माजघरात ते साडेतीन फूट होतं आणि ओसरायला आठवड्याहून जास्त लागला.

मी पोहोचले तेव्हा अंगणात गुडघ्याएवढा गाळ होता. ट्रंक उघडली तर आत अजून पाणी, आणि कुजल्याचा वास. हा वास फोटोंचाच असतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला पदार्थ. कोमट घाण पाण्यात जिवाणूंना ते खाद्यच. रंगीत फोटोंच्या कडा पिवळ्या-लाल होऊन वितळल्या होत्या आणि मधे कुठेतरी एखादं कोपर, एखादी नथ, पंगतीतलं केळीचं पान राहिलं होतं. रंगांचा असा खेळ का होतो तर वरचा निळसर थर आधी जातो, मग तांबडा उघडा पडतो, मग तळाचा पिवळा, आणि शेवटी कोरा कागद. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा अख्खा अल्बम या तीन पायऱ्यांवर कुठे ना कुठे थांबला होता.

त्या दिवशी शेजारी मदतीला आले आणि प्रेमाने म्हणाले, उन्हात पसरा. ते करायचं नसतं, हे मला नशिबाने माहीत होतं. फोटो ओले आहेत तोवर एकमेकांपासून सुटतात. एकदा एकत्र वाळले की त्यांची वीट होते. आम्ही घमेल्यांत आणि बादल्यांत स्वच्छ गार पाणी घेतलं, गठ्ठे त्यात सोडले, आपोआप सुटतील तेवढे सोडवले. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, धरायचं फक्त कडेला. सुटलेले फोटो जुन्या धोतरांवर, चित्र वर करून, सावलीत. एका दिवसात होणार नव्हते ते मेणकागद घालून पिशव्यांत भरले आणि विश्रामबागेतल्या फ्रिझरमध्ये ठेवले. गोठवलं की बुरशी आणि जिवाणू थांबतात आणि आपल्याला वेळ मिळतो. आमचा स्वतःचा फ्रिज तेव्हा अंगणात आडवा पडला होता.

भिंतीवरचे फोटो काचेला चिकटले होते. ते ओढून काढायचे नसतात. चित्र काचेबरोबर निघून येतं. काचेसकट, वरूनच त्यांचे फोटो काढून घेतले. मुंजीचा फोटो त्यांतच होता. दाराच्या जागी आता एक तपकिरी डाग आहे.

हिशेब

स्कॅन न झालेल्या ४०९ पैकी धुऊन, वाळवून ११८ वाचले. उरलेल्या २९१ पैकी ७२ निगेटिव्हवरून परत मिळाले. काकांनी बिस्किटांच्या डब्यात घालून ती माळ्यावर टाकली होती आणि विसरले होते. डबा उघडल्यावर एका गुंडाळीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. ही फिल्म स्वतःच सडायला लागल्याची खूण, म्हणून ती सगळ्यात आधी स्कॅन केली. आणखी ४१ फोटो नातेवाइकांकडे निघाले. पूर्वी फोटोची एक प्रत लेकीच्या सासरी, एक मामाकडे अशी पोस्टाने जायची, तीच रीत उपयोगी पडली. धारवाडहून आल्या, इंदूरहून आल्या. पण आधी सगळ्यांनी ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले आणि त्यात ते आकसले. मग एकेकाला फोन करून सांगितलं : फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. मागच्या बाजूला आजोबांचं अक्षर होतं. इंदूरच्या एका फोटोमागे त्यांनी बहिणीला पाच ओळींचं पत्रच लिहिलं होतं, ते आम्ही पहिल्यांदा वाचलं.

१७८ फोटो गेले. त्यांत जवळजवळ सगळे १९८० नंतरचे. म्हणजे माझ्या पणजोबांचा फेटा आमच्याकडे सुतासुतासकट आहे आणि माझं स्वतःचं बारसं नाही.

आणि आधी स्कॅन केलेल्या २३१ चं काय? त्यांतल्या दीडशेच्या आसपास फोटोंचे मूळ कागद पुरात गेले. आता जे आहे ते फाइलीत आहे. पहिल्या तीन दिवसांतले फोटो त्यामुळे कायमचे ३०० डीपीआयचे राहिले. त्यांतल्या एका फोटोत आजी कृष्णेच्या घाटावर बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर कुणाचं तरी बाळ आहे. बाळ कुणाचं ते आत्या रेकॉर्डिंगमध्ये सांगते, पण चेहरा चौकटी-चौकटींचा आहे आणि तो तसाच राहणार.

या काळात मी जपानमधल्या कामाबद्दल बरंच वाचलं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर तिथे ढिगाऱ्यांतून लाखो कौटुंबिक फोटो गोळा झाले, शाळांच्या जिमखान्यांत दोऱ्यांवर वाळत घातले गेले. रिको कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी चार लाखांहून जास्त फोटो धुऊन, स्कॅन करून, क्रमांक देऊन संगणकावर शोधता येतील असे ठेवले, आणि नव्वद हजारांच्या आसपास फोटो लोकांना परत मिळाले. एवढं काळजीपूर्वक केलेलं काम, तरी चारातले तीनहून अधिक फोटो धन्याविना राहिले. ओळखणारं माणूस समोर आलं तरच फोटो घरी जातो. आमच्या ट्रंकेला ते माणूस पाटावर बसलेलं मिळालं होतं, आठ दिवस.

दारातली कुठं गेली?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्या चुलतभावाने उत्साहाने एक ॲप घेतलं आणि जुने फोटो रंगीत, स्वच्छ करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. सगळे हरखले. नऊवारी हिरव्या झाल्या, फेटे केशरी झाले, गालांवर लाली आली. कुठल्या लुगड्याचा रंग खरा कोणता होता हे ॲपला कसं कळणार, पण तेवढं मी चालवून घेतलं. मग मुंजीचा फोटो आला. लख्ख, सुरेख, एकही सुरकुती नाही.

काकांच्या फोनवर तो बघून आत्याने मला फोन केला. “दारातली कुठं गेली?”

मी मोठं करून पाहिलं. ॲपने डाग समजून तो चेहरा पुसला होता आणि तिथे नक्षीदार लाकडी दार बसवलं होतं, पूर्ण बंद. असं दार आमच्या घराला कधीही नव्हतं. ग्रुपवर चाळीसजणांनी तो फोटो उतरवून घेतला होता. एकाने तर छापून फ्रेमही केला.

भावाचा हेतू चांगलाच होता आणि त्याला फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी आम्ही घरात एक नियम केला आणि तो मी कुणालाही सांगते : स्कॅनरमधून निघालेली पहिली फाइल कधीही बदलायची नाही. धूळ, ओरखडा, बुरशी, जे आहे ते असू दे. सजवायचं असेल तर प्रत काढून सजवा आणि नावातच ‘सुधारित’ लिहा. बिघडलेला कागद निदान बिघडलेला दिसतो. ॲपने केलेली चूक सुंदर दिसते, म्हणून ती कुणाला शोधावीशी वाटत नाही.

मूळ फाइलींच्या आता तीन प्रती आहेत : एक माझ्याकडे पुण्यात, एक भावाकडे बंगळुरूला, एक क्लाउडवर. दर दिवाळीला दोन्ही हार्ड डिस्क उघडून काही फाइली तपासतो. फाइलीच्या नावात वर्ष, गाव, क्रमांक; माणसांची नावं डावीकडून उजवीकडे फाइलीच्या आतल्या माहितीत; शिवाय सगळं एका वहीतही, कारण ग्रुपवर फोटो म्हणून टाकला की ती आतली माहिती गळून पडते. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा घरात आलं. वाचलेले कागद तोवर विश्रामबागेतच होते.

वही

पुरानंतर आत्या ट्रंकेविषयी फारसं बोलली नाही. तिच्या परीने तिने एक वेगळंच काम सुरू केलं होतं, ते आम्हाला ती गेल्यावर, २०२२ मध्ये कळलं. शाळेतली दोनशे पानी वही, पहिल्या पानावर ‘गेलेले फोटो’, आणि खाली क्रमाने नोंदी. तिला आठवत होते तेवढे, एकूण त्रेसष्ट. कोण कुठे उभं होतं, कुणी काय नेसलं होतं, फोटो कुणी काढला. काही ठिकाणी खोडून दुरुस्त केलेलं, काही ठिकाणी प्रश्नचिन्ह. माझ्या बारशाच्या फोटोची नोंद सतराव्या पानावर आहे.

ती वही आम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केली, पानन् पान, कोऱ्या पानांसकट. शेवटची नोंद अशी आहे :

“६३. उन्हाळा, बहुतेक १९८३. रंगीत. अण्णा नव्या सायकलवर, चौकात. मागे दारात आई. आई हसते आहे, पण त्याच वेळी वळली, त्यामुळे फोटोत हललेली आली आहे. सगळे म्हणायचे फोटो बिघडला. मला तो आवडायचा.”